मेलबर्नमधल्या ऑस्ट्रेलिया-चीन तरुण व्यावसायिकांच्या गटात शिरताना: नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

मेलबर्नला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचं पहिलं वर्ष साधारण ठरलेलं असतं. टार्नीट किंवा पॉइंट कुकला भाड्याचं घर, शनिवारी इंडियन ग्रोसरी, गणपतीत महाराष्ट्र मंडळ. ऑफिसात मात्र शेजारी ग्वांगचौची मुलगी, टीम लीड हाँगकाँगचा, घरमालक मलेशियन चिनी, आणि यांच्यापैकी कुणाशीही बोलणं सोमवारच्या 'वीकेंड कसा गेला' याच्या पुढे सरकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ १४ लाख लोकांनी आपला वंश चिनी असल्याची नोंद केली. इंग्रजीखालोखाल इथल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त बोलली जाते ती मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा. एवढ्या मोठ्या समाजाशी ओळखच न होता इथे दहा वर्षं काढलेली माणसं आपल्यात भरपूर आहेत.

ही ओळख व्हावी म्हणून तरुण नोकरदारांचे काही गट इथे चालतात. मी अशाच एका गटाच्या कार्यक्रम समितीत काम करते, आणि नवीन येणारा प्रत्येक भारतीय मला तोच प्रश्न विचारतो: 'आम्ही चिनी नाही, ऑस्ट्रेलियनही अजून अर्धेच; आम्हाला घेतील?' घेतात. या गटांना चिनी नसलेली माणसं हवीच असतात, आणि त्याहून जास्त हवे असतात काम करणारे हात. पुढचं सगळं त्या दुसऱ्या वाक्याभोवती आहे.

१. कुठल्या गटात जायचं ते ठरवा

सगळ्यांच्या नावात 'ऑस्ट्रेलिया' आणि 'चायना' असतंच, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो.

विद्यार्थी असाल तर ऑस्ट्रेलिया-चायना यूथ असोसिएशन बघा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या शाखा विद्यापीठांमध्ये असतात. भाषेची देवाणघेवाण, सहली, क्विझ असा तिचा हलकाफुलका कारभार.

नोकरी करत असाल तर ऑस्ट्रेलिया-चायना यंग प्रोफेशनल्स इनिशिएटिव्ह तुमच्यासाठी. ती नफा न घेणारी, स्वयंसेवकांनी चालवलेली संस्था आहे. संध्याकाळी ऑफिसनंतर एखाद्या विषयावर चर्चा आणि मग गप्पा, हा नेहमीचा साचा.

ऑस्ट्रेलिया-चायना यूथ डायलॉग वेगळं आहे. २०१० पासून चालणाऱ्या या संवादासाठी अर्ज करावा लागतो आणि निवडक प्रतिनिधी घेतात. पहिल्याच वर्षी तिथे अर्ज टाकू नका. आधी कुठेतरी काम करा, मग अर्जात लिहायला काहीतरी असेल. ऑस्ट्रेलिया चायना बिझनेस कौन्सिल १९७३ पासूनची, मुख्यतः कंपन्यांची. तुमची कंपनी सभासद असेल तर तिच्या कार्यक्रमांना तुम्हाला जाता येतं, म्हणून एकदा एचआरला विचारून ठेवा.

आणि व्यवसायाचा वास नको असेल, तर चायनाटाउनमध्ये कोहेन प्लेसला १९८५ मध्ये उघडलेलं चिनी-ऑस्ट्रेलियन इतिहासाचं म्युझियम आहे. माझं मत विचाराल तर कुठल्याही गटात जाण्याआधी एक दुपार तिथे घालवा. तिकिटाचे पैसे वसूल होतात, कारण पुढच्या पायरीतली अर्धी माहिती तिथल्या भिंतींवरच आहे.

२. 'चिनी' म्हणजे कोण, हे आधी समजून घ्या

आपल्याला कुणी 'इंडियन म्हणजे हिंदी' म्हटलं की कपाळावर आठी येते. तीच आठी तुम्ही दुसऱ्याच्या कपाळावर उमटवू नका.

मेलबर्नचा चिनी समाज एकाच लाटेत आलेला नाही. पहिली लाट १८५० च्या दशकातल्या सोन्याच्या शोधाची. ती माणसं बहुतेक ग्वांगडाँग प्रांतातली, कँटनीज आणि तिच्या जवळच्या बोली बोलणारी. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर लावला. तो चुकवायला हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर चालत खाणींपर्यंत आले. बेंडिगो आणि बॅलरॅटच्या जुन्या चिनी घराण्यांची मुळं या काळातली आहेत. त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीतल्या माणसाला 'तू मूळचा कुठला?' असं विचारलंत तर तो 'बेंडिगो' म्हणेल, आणि ते खरंच असेल.

मग १९०१ चा इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्ट आला. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत श्रुतलेखन, नापास झालात की परत जा. ही चाळणी चिनी लोकांइतकीच आपल्याकडच्यांनाही लागू होती. दोन समाजांतलं हे सामायिक प्रकरण बोलण्याच्या ओघात निघालं तर बिनदिक्कत बोला. माझ्या अनुभवात क्रिकेट आणि बॉलिवूडपेक्षा यातून गप्पा जास्त रंगतात.

पुढे व्हिएतनाम युद्धानंतर आलेले तिथले वंशाने चिनी लोक, मलेशिया आणि सिंगापूरचे हॉक्कियन-कँटनीज बोलणारे, हाँगकाँगचे, तैवानचे. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात झालेल्या रक्तपातानंतर पंतप्रधान बॉब हॉक यांनी इथल्या चिनी विद्यार्थ्यांना राहू दिलं. त्या निर्णयाने सुमारे ४२ हजार लोक इथे कायमचे झाले. आणि अलीकडचे, चीनच्या मुख्य भूमीतून शिकायला येऊन राहिलेले. बॉक्स हिल आणि ग्लेन वेव्हर्लीच्या दुकानांत तुम्हाला सगळ्यात जास्त दिसतील ते हेच.

आडनावावरून थोडा अंदाज येतो. एकच आडनाव मँडरिनमध्ये चेन, कँटनीजमध्ये चॅन आणि हॉक्कियनमध्ये तान होतं. समोर तान उभा असेल तर तो बहुधा सिंगापूर-मलेशियाकडचा. त्याला नुकतीच शिकलेली मँडरिन ऐकवण्याआधी थांबा, कदाचित त्याच्या घरी ती बोलतच नसतील.

मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट. माझगावात एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवाचं छोटं चिनी मंदिर आहे. ते सी यप म्हणजे ग्वांगडाँगमधल्या चार तालुक्यांच्या लोकांचं. साउथ मेलबर्नला रॅग्लन स्ट्रीटवरचं १८६६ मधलं सी यप मंदिरही त्याच चार तालुक्यांचं आणि देवही तोच. लहानपणी माझगाव पाहिलं असेल तर इथे जरूर जा. जुन्या कँटनीज घरातल्या माणसाला माझगावचा फोटो दाखवून बघा, पुढचा अर्धा तास तो तुम्हाला सोडणार नाही.

मुख्य भूमीतल्या, विशेषतः वयस्कर माणसांशी बोलताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्या. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेले कोटणीस त्यांना 'ख तीहुआ' या नावाने माहीत असतात. हाँगकाँगच्या किंवा मलेशियाच्या तिशीतल्या इंजिनिअरला मात्र यातलं काही ठाऊक नसतं, त्याला ही गोष्ट भाषणासारखी ऐकवू नका.

३. तयारी: कागदपत्रं आणि साधनं

फार काही लागत नाही, पण ऐनवेळी शोधाशोध होते ती याच गोष्टींची:

- फोटो असलेलं ओळखपत्र. शहरातल्या मोठ्या ऑफिस इमारतींत संध्याकाळी सहानंतर सिक्युरिटी ते मागते.
- ऑस्ट्रेलियन मोबाइल नंबर आणि त्यावर काढलेलं वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपचं खातं.
- लिंक्डइनचं अद्ययावत पान आणि तीन-चार ओळींची स्वतःची ओळख. त्यात पदव्या कमी आणि 'मला काय करता येतं' जास्त असू द्या.
- व्यावसायिक कार्ड, असल्यास. देताना आणि घेताना दोन्ही हातांनी, आणि घेतलेलं कार्ड वाचल्याशिवाय खिशात घालू नका.
- वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सरकारी पार्श्वभूमी तपासणी. लहान मुलं असलेल्या कार्यक्रमात काम करायचं तर हा लागतो. व्हिक्टोरियात स्वयंसेवकांसाठी तो फुकट आहे आणि पाच वर्षं चालतो.
- विद्यार्थी व्हिसा असेल तर त्याच्या अटींची प्रत. १ जुलै २०२३ पासून सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास कामाची मर्यादा आहे. नफा न घेणाऱ्या संस्थेत केलेली खरीखुरी, बिनपगारी सेवा एरवी त्यात धरत नाहीत. पण एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम 'स्वयंसेवा' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

वीचॅटबद्दल थोडं जास्त. इथले निम्मे निरोप ईमेलवर येतच नाहीत, वीचॅटच्या गटात येतात. नवं खातं उघडताना आधीच्या एखाद्या वापरकर्त्याने तुमचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागू शकतो, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीला शेजारी बसवूनच हे काम करा. भारतीय नंबर वापरू नका. भारतात जून २०२० पासून या अ‍ॅपवर बंदी आहे, तेव्हा सुट्टीत घरी गेल्यावर ते चालेल असं धरून चालू नका. सरकारी खात्यात किंवा संरक्षणाशी संबंधित कंपनीत असाल तर ऑफिसच्या फोनवर ते टाकण्याचा विचारही नको. वैयक्तिक फोनबद्दलसुद्धा आधी आयटीवाल्यांना विचारा.

४. पैसे भरण्याआधी गट तपासा

'चायना बिझनेस नेटवर्किंग' असं नाव लावून गुंतवणुकीची सेमिनारं, प्लॉटविक्री आणि साखळी पद्धतीची विक्री चालवणारे लोक इथेही आहेत. संस्थेचं नाव एबीएन लुकअपवर (व्यवसाय क्रमांक शोधायच्या सरकारी वेबसाइटवर) टाका, नोंदणी कधीची आणि कुणाच्या नावाने ते दोन मिनिटांत कळतं. धर्मादाय म्हणवत असेल तर धर्मादाय संस्थांच्या सरकारी आयोगाच्या यादीत असायला हवी. समिती सदस्यांची नावं उघडपणे दिलेली असावीत. पैसा कुठून येतो, हेही सरळ विचारा. चांगल्या समितीला या प्रश्नाचा राग येत नाही. परदेशी सरकारच्या वतीने इथल्या राजकारणावर प्रभाव टाकणाऱ्यांना २०१८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. तुम्ही नुसते सभासद असाल तर त्याचा तुम्हाला त्रास नाही, पण कुणी 'अमुक खासदाराला पत्र लिहा' म्हणून मजकूर हातात ठेवला तर तो कुणाचा आहे हे विचारल्याशिवाय सही करू नका.

५. पहिला कार्यक्रम

कार्यक्रम बहुतेक शहराच्या मध्यभागी आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी असतात. टार्नीटहून येणाऱ्याला परतीची गाडी बघूनच निघावं लागतं. लिटल बर्क स्ट्रीटचा चायनाटाउन फुकट ट्रॅमच्या हद्दीत आहे, तेवढीच बचत. वेळेवर पोचा. मंडळाच्या कार्यक्रमाची वेळ इथे लावू नका.

पोचल्यावर आपल्याच देशाचा माणूस शोधून त्याच्याशी कोपऱ्यात तासभर बोलत बसणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरुपयोगी गोष्ट. दोन भारतीय एकत्र आलात तर दारातच वेगळे व्हा.

नावं नीट घ्यायला शिका. इथे आपल्याकडे एक मोठं भांडवल आहे, ते म्हणजे देवनागरी. रोमन लिपीत लिहिलेली मँडरिन नावं इंग्रजीसारखी वाचली की बिघडतात, कारण तिथे बी, डी, जी ही अक्षरं प, त, क या उच्चारांसाठी आणि पी, टी, के ही फ, थ, ख यांसाठी वापरलेली असतात (हा फ ओठ मिटून, 'फळ'मधला). म्हणजे 'डेंग' लिहिलेलं दिसलं की 'तंग' म्हणा. क्यू म्हणजे साधारण छ, एक्स म्हणजे श. झेडसाठी आपल्या 'चाक'मधला च जवळजवळ तंतोतंत आहे, जो इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीला काही केल्या जमत नाही. सुरांचे चढउतार जमणार नाहीत, ते माफ असतं. नाव ऐकलं की फोनवर देवनागरीत टिपून ठेवा.

आडनाव आधी की नाव, याचा अंदाज बांधू नका. 'तुम्हाला काय म्हणू?' एवढं विचारा. अनेकांनी इंग्रजी नाव घेतलेलं असतं आणि त्यांना तेच आवडतं. 'पण खरं नाव काय?' हा पाठपुरावा नको.

६. खुर्च्या उचला

पाहुणा म्हणून वर्षभर येणाऱ्याला लोक चेहऱ्याने ओळखतात. नावाने ओळखतात ते नावनोंदणीच्या टेबलावर बसलेल्याला. कार्यक्रम संपला की समितीतल्या कुणाला तरी 'पुढच्या वेळी मी कधी येऊ?' असं विचारा. 'काही मदत लागली तर सांगा' असं म्हणू नका, त्यावर कुणीच कधी काही सांगत नाही.

कामं साधी असतात. नावाचे बिल्ले छापणं, तिकिटांची यादी जुळवणं, वक्त्याला स्टेशनवरून आणणं, मीटिंगचं टिपण, प्रायोजकांना आभाराची ईमेल. गणेशोत्सवात वर्गणी गोळा केलेल्या माणसाला यातलं काहीच अवघड नाही. पावती पुस्तक, हिशेब, मांडव, रुसलेला कार्यकर्ता, हे सगळं आपण कॉलेजात असतानाच पार केलेलं असतं. फरक एकच, इथे घेतलेलं काम झालं नाही तर कुणी ओरडत नाही. पुढच्या वेळी तुम्हाला विचारत नाहीत, इतकंच.

चंद्र नववर्ष हा सगळ्यात घाईचा काळ. ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्याला 'चिनी नववर्ष' म्हणायचं की 'चंद्र नववर्ष' यावर दरवर्षी चर्चा झडते, कारण व्हिएतनामी आणि कोरियन लोकही ते पाळतात. सिडनी शहराने आपल्या महोत्सवाचं नाव २०१९ मध्ये याच कारणाने बदललं. तुम्ही गट जे नाव वापरतो ते वापरा आणि वादात पडू नका. ईस्टरला जमलं तर बेंडिगोला जा, १०० मीटरहून लांब ड्रॅगन मिरवणुकीत निघतो आणि तो खांद्यावर घ्यायला खूप माणसं लागतात.

७. जेवणाचं टेबल

शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर यजमानाची पंचाईत होते, आणि तुमच्या वाट्याला वाफवलेला भात येतो. 'वेज' एवढं पुरत नाही. यम चामध्ये (चहाबरोबर छोट्या छोट्या पदार्थांचं कँटनीज जेवण) मिळणारा मुळ्याचा केक दिसतो निरुपद्रवी, पण त्यात बहुतेक वेळा सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओततात. मँडरिनमध्ये 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे) म्हणा. हे शब्द बौद्ध शाकाहाराचीही आठवण करून देतात आणि स्वयंपाकघरात लगेच समजतात.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी चांगली बातमी: कडक बौद्ध शाकाहारातही कांदा, लसूण आणि त्यांची भावंडं वर्ज्य असतात. कांदा-लसणाच्या बाबतीत आपल्या जैन हॉटेलांइतकीच निर्धास्त जागा मेलबर्नमध्ये हवी असेल तर बौद्ध शाकाहारी चिनी रेस्टॉरंट शोधा.

बिलासाठी ओढाताण होईल, एकदा हरा आणि पुढचं जेवण तुम्ही द्या. भेट न्यायची तर फळं, चहा, चितळ्यांची बाकरवडी काहीही चालेल. घड्याळ आणि छत्री नको. आणि चार नग नको. ही सगळी अशुभ मानतात.

८. कुठे गप्प बसायचं

गलवान, तैवान, हाँगकाँग. कुणीतरी कधीतरी काढणारच, बहुधा आपलाच एखादा. समोरचा माणूस बीजिंगचा प्रवक्ता नाही आणि तुम्ही भारत सरकारचे नाही. मत विचारलं तर थोडक्यात सांगा, पण मुख्य भूमीत आईवडील असलेल्या माणसाला भरल्या खोलीत बोलायला भाग पाडू नका. त्याला तिथे परत जायचं असतं. गटात घेतलेले फोटो न विचारता सोशल मीडियावर टाकू नका, कारणही तेच.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळी इथे छावणीत डांबलं होतं. त्यातल्या बऱ्याच घरांनी नंतर देश सोडला. कोलकात्यात वाढलेला, तुमच्याहून चांगली हिंदी बोलणारा चिनी माणूस परदेशात कुठेही भेटू शकतो. तो हे स्वतःहून सांगेपर्यंत थांबा, आणि सांगितलंच तर सरकारची बाजू मांडायला जाऊ नका.

९. स्वतःचा कार्यक्रम करायचा असेल तर

वर्षभर काम केल्यावर समिती तुम्हाला विचारेल, 'भारतीय काही करू या का?' दिवाळी सगळेच करतात. मी कोजागिरी सुचवेन, कारण मूनकेक ही मिठाई खायचा चिनी मध्य-शरद उत्सवही पौर्णिमेचाच. २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आले होते. २०२६ मध्ये मात्र महिन्याचं अंतर आहे: चिनी सण २५ सप्टेंबरला, कोजागिरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्यांचा अधिक महिना २०२५ मध्ये येऊन गेला, आपला २०२६ मध्ये. म्हणून कॅलेंडर आणि पंचांग शेजारी ठेवल्याशिवाय हॉल बुक करू नका. तारखा वेगळ्या असतील तर मूनकेक दुकानात मिळतात ती तारीख धरा. मसाला दूध केव्हाही करता येतं.

हॉल कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक नगरपालिकेचा, घ्या. तिथे पब्लिक लायबिलिटी विमा (कार्यक्रमात कुणाला इजा किंवा कुणाचं नुकसान झालं तर भरपाईचा) मागतात. तो संस्थेच्या नावाचा असतो, त्याची प्रत खजिनदाराकडून आधीच घेऊन ठेवा. खाणं विकणार असाल तर कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी लागते. फुकट वाटणार असाल तरी फोन करून विचारा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे कोजागिरीच्या तारखेला आठच्या आत चंद्र दाखवण्याचं वचन कुणाला देऊ नका.

लागणाऱ्या दुधापैकी निम्मंच नेहमीचं दूध घेऊन आटवा. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांना ते पचत नाही, म्हणून दुसरं पातेलं सोया किंवा ओटच्या दुधाचं करा. केशर, वेलची आणि जायफळ त्यातही तितकंच छान लागतं. पिस्ते-बदाम घातल्याची चिठ्ठी दोन्ही पातेल्यांवर चिकटवा. पारंपरिक मूनकेकमध्ये डुकराची चरबी आणि खारवलेल्या अंड्याचा बलक असतो, तेव्हा शाकाहारी मूनकेक वेगळ्या ताटात आणि वेगळ्या सुरीने कापा.

भांडी त्याच रात्री धुऊन निघा. हॉल सकाळी कुणाच्या तरी व्यायामाच्या वर्गाला दिलेला असतो, आणि केशराचे डाग बेंचवर राहिले तर साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून जातात.